भातावरील तपकिरी तुडतुडा आणि त्याच्या आतड्यातील शर्करा

भात हे सिंधुदुर्ग जिल्ह्याचे प्रमुख खरीप पीक होय. देवगड, मालवण व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत आंबा, काजू व माड यांपासून रोख उत्पन्न मिळत असले, तरी घरची वर्षाची बेगमी आणि गुरांची वैरण या दोन्ही गोष्टी भाताच्या मळ्यावरच अवलंबून असतात. येथील धारण क्षेत्रे लहान आहेत. अनेक कुटुंबांपाशी चार-सहा कुणगे एवढीच भातशेती असते. अशा शेतकऱ्याचा एक कुणगा जरी किडीने करपला, तरी त्या घराचे दोन महिन्यांचे धान्य गेले असे समजावे.

हे नुकसान घडवून आणणाऱ्या किडींमध्ये तपकिरी तुडतुडा विशेष घातक आहे. या किडीवर उपाय शोधताना गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांचे लक्ष तिच्या आतड्याकडे वळले आहे. आतड्याच्या अस्तरातील प्रथिनांना निसर्गतः शर्करेच्या लहान लहान साखळ्या जोडलेल्या असतात. पोटात गेलेला एखादा पदार्थ किडीस बाधेल की नाही, हे पुष्कळ अंशी या साखळ्यांवर अवलंबून असते, असे दिसून आले आहे. हा विषय प्रयोगशाळेतील असला, तरी शेतकऱ्याने कशावर पैसा खर्च करावा व कशावर करू नये, याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

किडीची ओळख

तपकिरी तुडतुडा हा तीन ते पाच मिलिमीटर लांबीचा, पाचरीच्या आकाराचा, रस शोषणारा कीटक आहे. तो पानांवर क्वचितच दिसतो. भाताच्या चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, दाट सावलीत तो राहतो. त्यामुळे बांधावरून पाहणाऱ्यास पीक हिरवेगार दिसते आणि आत मात्र कीड वाढत असते.

मादी आपली अंडी पानाच्या आवरणात, म्हणजे खोडाभोवतीच्या खोळीत, लहान पुंजक्यांनी घालते. एक मादी दोनशेहून अधिक अंडी घालू शकते. अंड्यांतून सुमारे आठवड्याभरात पिले बाहेर पडतात, पाच वेळा कात टाकतात आणि दोन ते अडीच आठवड्यांत प्रौढ होतात. प्रौढ दोन प्रकारचे असतात. अन्न मुबलक असताना आखूड पंखांचे प्रौढ अधिक होतात व ते जागच्या जागी प्रजा वाढवितात. पीक सुकू लागले किंवा गर्दी झाली, की लांब पंखांचे प्रौढ तयार होऊन दुसऱ्या शेताकडे जातात.

हा कीटक आपली सुईसारखी सोंड भाताच्या अन्नवाहिनीत खुपसून त्यातील गोड रस ओढतो. जास्तीचा रस तो चिकट द्रवाच्या रूपाने बाहेर टाकतो व त्यावर काळी बुरशी वाढते. किडींची संख्या फार झाली, की चूड पिवळे पडून वाळते. उत्तरा नक्षत्राच्या अखेरीस व हस्तात पाऊस उघडून ऊन पडू लागले, म्हणजे शेताच्या मध्यभागी असे वाळलेले गोल ठिपके दिसू लागतात आणि थोड्याच दिवसांत ते पसरतात. पीक दाणा भरण्याच्या अवस्थेत असतानाच हे घडत असल्याने पुन्हा लावणीस अवसर उरत नाही. आग्नेय आशियात ही कीड भातावर काही विषाणूजन्य रोगांचाही प्रसार करते. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरील केरळच्या कुट्टनाड भागात १९७३-७४ साली या किडीने भातपिकाचे फार मोठे नुकसान केले होते.

आतड्याचे अस्तर आणि त्यावरील शर्करा

प्राण्याच्या पेशीत जी प्रथिने तयार होतात, त्यांतील अनेकांना शर्करेची साखळी जोडली जाते. पेशीत प्रथम चौदा शर्करा-घटकांची एक साखळी सिद्ध होते. तीत दोन नत्रयुक्त शर्करा, नऊ मॅनोज व तीन ग्लुकोज असे घटक असतात. ही सबंध साखळी नव्या प्रथिनाच्या ठराविक जागी बसविली जाते आणि मागाहून तिची छाटणी होते. प्रथिनास योग्य घडी पडणे, ते योग्य ठिकाणी पोहोचणे आणि पेशींनी एकमेकींस ओळखणे ही कामे या साखळीमुळे सुकर होतात.

शर्करेच्या एवढ्याशा फरकाने केवढा भेद होतो, याचे परिचित उदाहरण म्हणजे मनुष्याचे रक्तगट. ‘ए’ गट आणि ‘बी’ गट यांतील फरक हा तांबड्या रक्तपेशींवरील साखळीच्या टोकाशी असलेल्या एका शर्करा-घटकाचा फरक आहे. तरीही एका गटाचे रक्त दुसऱ्यास दिल्यास रोग्याच्या जिवावर बेतते.

मनुष्याच्या पेशींवर अशा साखळ्या बहुधा आणखी वाढविल्या जातात व त्यांच्या टोकास निराळ्या शर्करा येतात. कीटकांत मात्र छाटणीनंतर मॅनोज ही शर्करा उघडी राहिलेल्या साखळ्यांचे प्रमाण मोठे असते. तपकिरी तुडतुड्याच्या प्रथिनांवर या साखळ्या नेमक्या कोठे बसलेल्या असतात, याचा तपशीलवार अभ्यास बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी केला आहे. साखळी जोडण्याचे काम करणाऱ्या जनुकांना प्रयोगशाळेत निष्क्रिय केले, तर पिलांची वाढ बिघडते व ती मरतात. यावरून या साखळ्या किडीच्या जीवनास किती आवश्यक आहेत हे ध्यानात येते.

आतड्याच्या रचनेतही एक महत्त्वाचा भेद आहे. पाने कुरतडणाऱ्या अळीच्या आतड्यात अन्नाभोवती कायटिनचे पातळ वेष्टन असते व ते आतड्याच्या अस्तरास काही प्रमाणात आडोसा देते. तुडतुड्याच्या आतड्यात असे वेष्टन नसते. त्यामुळे रसातून आलेले प्रथिन अस्तरावरील शर्करेशी सहज भिडू शकते.

लेक्टिन म्हणजे काय?

वनस्पतींमध्ये विशिष्ट शर्करेस घट्ट धरून ठेवणारी काही प्रथिने असतात. त्यांना लेक्टिन असे नाव आहे. त्यांचा पहिला शोध १८८८ साली एरंडाच्या बियांत लागला. स्टिलमार्क या संशोधकास असे आढळले, की एरंडाच्या बियांतील प्रथिन रक्तपेशी एकत्र चिकटवून त्यांच्या गुठळ्या करते. घेवड्याच्या जातीतील काही कडधान्ये, विशेषतः राजमा, अर्धकच्ची खाल्ल्यास वांती व जुलाब होतात, त्याचेही कारण लेक्टिन हेच होय. ती नीट उकळून शिजविल्यास हे प्रथिन निकामी होते.

लेक्टिनचे कार्य माडाच्या उदाहरणाने समजू शकेल. माडाच्या खोडावर पाय टेकण्यास खाचा असल्या, तर चढणारा शेंड्यापर्यंत पोहोचतो. आतड्याच्या अस्तरावरील शर्करा या अशा खाचांप्रमाणे आहेत. ज्या प्रथिनास त्या खाचेत पाय रोवता येतो, ते तेथे टिकते आणि आपला परिणाम करते. ज्यास येत नाही, ते अन्नाबरोबर वाहून जाते. प्रत्येक लेक्टिन सर्वच शर्करा धरीत नाही. कोणते लेक्टिन कोणत्या किडीस बाधेल, हे त्या किडीच्या आतड्यातील शर्करेवर ठरते.

लसूण आणि युरोपातील स्नोड्रॉप नावाचे पांढरे फुलझाड या दोहोंत मॅनोज धरणारी लेक्टिने आहेत. तुडतुड्याच्या अस्तरावर मॅनोज विपुल असल्यामुळे या दोन वनस्पतींकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले.

भातावरील प्रयोग

इंग्लंडमधील संशोधकांनी प्रथम कृत्रिम अन्नात स्नोड्रॉपचे लेक्टिन मिसळून ते तपकिरी तुडतुड्यास दिले. लेक्टिन आतड्याच्या अस्तरास चिकटलेले आढळले. अस्तरावरील सूक्ष्म केसांसारख्या रचनेची, जिच्याद्वारे अन्न शोषले जाते तिची, नासधूस झालेली दिसली. काही लेक्टिन आतडे ओलांडून किडीच्या शरीरद्रवात व अंडाशयापर्यंत गेले होते. पुढे असे दिसून आले, की हे लेक्टिन ज्या शर्करायुक्त प्रथिनास मुख्यत्वे धरते, ते लोह साठविणारे फेरिटिन हे प्रथिन आहे. १९९८ साली या लेक्टिनचे जनुक भातात घालून तयार केलेली रोपे प्रसिद्धीस आली. लेक्टिन अन्नवाहिनीच्या रसात उतरावे अशी योजना त्यांत केली होती. या रोपांवर तुडतुड्यांची पिले कमी जगली, त्यांची वाढ लांबली आणि माद्यांची प्रजा घटली. कीड पूर्णपणे नष्ट मात्र झाली नाही.

भारतातही या दिशेने मोलाचे कार्य झाले आहे. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये लसणीच्या पानांतील लेक्टिनचा अभ्यास होऊन २००६ साली त्याचे जनुक असलेल्या भाताचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली अशाच भातावर तपकिरी, पांढऱ्या पाठीचे व हिरवे अशा तिन्ही तुडतुड्यांना प्रतिकार दिसल्याचे नमूद केले. पुढे तेथेच लसूण व स्नोड्रॉप या दोहोंची लेक्टिने एकाच भातात एकत्र आणली गेली.

हे प्रयोग आशादायक असले, तरी ते शेतापर्यंत पोहोचलेले नाहीत. जनुकबदल केलेल्या भाताच्या कोणत्याही वाणास भारतात व्यापारी लागवडीची परवानगी मिळालेली नाही. अन्नधान्यात नवे प्रथिन आणण्यापूर्वी ते माणसास, गुरास आणि मित्रकीटकांस निर्धोक आहे याची खात्री पटावी लागते. स्नोड्रॉपच्या लेक्टिनयुक्त बटाट्यांच्या उंदरांवरील प्रयोगावरून १९९८-९९ साली ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला. रॉयल सोसायटीने त्या प्रयोगाच्या आखणीत दोष असल्याचे मत दिले, तथापि अशा तपासण्या काटेकोर असाव्यात हा बोध त्यातून सर्वांनाच मिळाला. म्हणून ‘तुडतुडा न लागणारे लसणीच्या जनुकाचे बियाणे’ अशा नावाने कोणी बियाणे विकू लागल्यास शेतकऱ्यांनी ते घेऊ नये व कृषी विभागास त्वरित कळवावे.

एकाच उपायावर भिस्त ठेवण्याचा धोका

आतड्यातील खाचेवर आधारलेला जो उपाय शेतात आलेला आहे, तो म्हणजे बीटी प्रथिन. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे हे प्रथिन अळीच्या आतड्यातील ठराविक प्रथिनांस पकडून अस्तरास छिद्रे पाडते. तंबाखूवरील एका अळीत ही पकड एका विशिष्ट शर्करेद्वारे होते, असे १९९४ साली दाखविले गेले. भारतात बीटी कपाशीस २००२ साली परवानगी मिळाली.

पुढील अनुभव सर्वांस ठाऊक आहे. पहिल्या बीटी प्रथिनास गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचे २०१० साली गुजरातमधून जाहीर झाले. दोन प्रथिने असलेल्या कपाशीवरही तिने मात केली आणि २०१७ साली विदर्भ व मराठवाड्यातील कापूस उत्पादकांस जबर फटका बसला. बोंडअळीच्या आतड्यातील ज्या प्रथिनास बीटी पकडत असे, त्याची घडण बदललेली आढळली आहे. जमिनीतील एका सूक्ष्म कृमीत तर शर्करा जोडणारे जनुक बिघडताच बीटीचा परिणाम नाहीसा होतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. खोडावरील खाचाच बुजल्या, तर चढणारा निरुपाय होतो, तसाच हा प्रकार आहे.

तुडतुड्याचा इतिहासही हेच सांगतो. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ साली आयआर २६ हा तुडतुडा-प्रतिकारक वाण प्रसृत केला. एकाच प्रतिकारक जनुकावर आधारलेल्या या वाणावर दोन-तीन वर्षांतच कीड पुन्हा वाढू लागली. म्हणून उद्या लेक्टिनयुक्त भात उपलब्ध झाला, तरीही पुढे दिलेल्या मशागतीच्या उपायांची गरज संपणार नाही.

फवारणीविषयीचे गैरसमज

आतड्याचे हे शास्त्र समजल्यावर शेतातील तीन गैरसमज आपोआप दूर होतात.

पहिला गैरसमज असा, की लसणीत तुडतुड्यास मारक द्रव्य असल्याने लसणीचा रस फवारला म्हणजे काम भागेल. लेक्टिन हे मोठ्या आकाराचे प्रथिन आहे. पानावर फवारल्याने ते अन्नवाहिनीत शिरत नाही आणि तुडतुडा तर केवळ अन्नवाहिनीतील रस पितो. लसणीच्या उग्र वासाने काही किडी थोडा काळ दूर राहत असतील, परंतु आतड्यावरील परिणामाचा लाभ अशा फवारणीने मिळत नाही.

दुसरा गैरसमज असा, की बीटीचे जिवाणूयुक्त औषध सर्वच किडींवर चालते. हे औषध पान खाणाऱ्या अळ्यांसाठी आहे. तुडतुडा पान खात नाही आणि बीटीच्या प्रचलित प्रथिनांचा त्याच्यावर परिणामही अत्यल्प आहे. त्यासाठी केलेला खर्च व्यर्थ होय.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक आहे. कीड दिसताच कोणतेही जहाल औषध मारावे, असे अनेकांस वाटते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी तुडतुड्यांचे शत्रू असलेले कोळी व मिरीड ढेकूण मरतात. खोळीच्या आत सुरक्षित असलेल्या अंड्यांतून मात्र नवी पिढी निघते आणि तिला अटकाव करणारे कोणी उरत नाही. परिणामी कीड पूर्वीपेक्षा अधिक उसळते. इंडोनेशियात याच अनुभवामुळे १९८६ साली शासनाने ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद केला होता.

आज शेतात काय करावे?

१. लावणी दाट करू नये. दोन ओळींत २० व दोन चुडांत १५ सेंटिमीटर अंतर राखावे. दर दोन ते तीन मीटरनंतर ३० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा मोकळा सोडावा. त्यामुळे बुंध्याशी हवा व उजेड पोहोचतो आणि पाहणी व फवारणीही सोपी होते.

२. नत्रखत एकाच वेळी न देता शिफारशीप्रमाणे हप्त्यांनी द्यावे. जादा नत्राने पीक लुसलुशीत होते, रसातील पोषण वाढते व किडीची प्रजा झपाट्याने वाढते.

३. लावणीनंतर महिन्याभराने आठवड्यातून एकदा शेतात उतरून पाहणी करावी. शेतात आडवे-तिडवे चालत वीस चूड निवडावेत व प्रत्येक चूड किंचित वाकवून बुंध्यावर हलकी थाप मारावी. पाण्यावर पडणारे तुडतुडे मोजावेत. त्याच वेळी कोळीही मोजावेत.

४. चुडामागे सरासरी दहा तुडतुडे आढळेपर्यंत फवारणीची घाई करू नये. कोळी व मिरीड ढेकूण पुरेसे असतील तर आणखी काही दिवस वाट पाहून पुन्हा मोजणी करावी.

५. कीड वाढू लागताच, पाऊस उघडलेला असल्यास, खाचरातील पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे. पीक फुलोऱ्यात असताना मात्र त्यास पाण्याचा ताण पडू देऊ नये. पाणी एका कुणग्यातून दुसऱ्यात वाहत असल्याने हे काम शेजाऱ्यांनी मिळून करावे.

६. फवारणी करणे भागच पडले, तर डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीतील औषधच निवडावे. फवारा पानांवर न मारता चुडाच्या बुंध्यावर बसेल असा मारावा. एकच औषध पुनःपुन्हा वापरू नये. पायरेथ्रॉइड गटातील औषधे टाळावीत.

७. कापणीनंतर जमीन नांगरून धसकटे गाडावीत. ज्या मळ्यांत खरिपानंतर वायंगणी भात घेतात, तेथे याकडे विशेष लक्ष द्यावे. धसकटांतून फुटलेले हिरवे कोंब एका हंगामातील कीड दुसऱ्या हंगामापर्यंत जगवितात.

८. ज्या शेतात दरवर्षी ठिपके पडतात, तेथे वाण बदलण्याचा विचार करावा. केरळातील पट्टांबी येथील पीटीबी ३३ हा जुना वाण तपकिरी तुडतुड्यास प्रतिकारक म्हणून जगभर प्रसिद्ध असून नवे वाण निर्माण करताना त्याचा उपयोग केला जातो. आपल्या भागास योग्य वाणाविषयी मालवण तालुक्यातील किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

वरील उपायांपैकी बहुतेकांस पैसा लागत नाही, परंतु नजर लागते. गावातील कृषी कर्मचाऱ्यांनी भाद्रपद व आश्विन या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा पाच-दहा शेतकऱ्यांसह एखाद्या मळ्यात उतरावे, मोजणी प्रत्यक्ष करून दाखवावी आणि तुडतुडे व कोळी यांचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. कोळी हा शेताचा राखणदार आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी उगाच पंप उचलीत नाही. गणपतीत मुंबईहून घरी आलेल्या तरुण मंडळींसही या पाहणीस न्यावे, कारण औषधाची बाटली अनेकदा तेच खरेदी करून आणतात.

किडीच्या आतड्यातील शर्करेचा शोध चालूच राहील व त्यातून पुढेमागे नवे साधन हाती येईल. तोपर्यंत सप्टेंबर महिन्यात हिरव्यागार दिसणाऱ्या पिकास केवळ बांधावरून न पाहता, वाकून चुडाच्या बुंध्याकडे पाहणे, हाच कुणगा राखण्याचा खात्रीचा मार्ग आहे.